निकिफोरची कार्बाइन

कुइगारात बंदुकीवरून दोन तट पडले होते. एका तटात कार्बाइनवाले, दुसऱ्यात बोल्टवाले. भांडण जुनं होतं, आणि ते मिटावं असं कुणाला फारसं वाटत नव्हतं. बेरिंग समुद्राकाठचा हिवाळा लांबतो, आणि माणसांना बोलायला काहीतरी लागतं.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची हलकी बंदूक. घोडा दाबला की एक गोळी, सोडून पुन्हा दाबला की दुसरी. मधे हातानं काही करावं लागत नाही, पुढची गोळी आपली आपण जागेवर येते. बोल्टच्या बंदुकीचं तसं नाही. तिथं प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा उचलायचा, मागं ओढायचा, पुढं सारायचा, दाबायचा, आणि मग नेम धरायचा. हाताला जाड मोजे असले आणि खाली होडी हलत असली की तेवढ्यात सील पाण्याखाली गेलेला असतो. हे कार्बाइनवाल्यांचं म्हणणं. बोल्टवाले म्हणायचे, ज्याला दुसऱ्या गोळीचा भरवसा असतो त्याची पहिली गोळी नेहमी वाया जाते.

कार्बाइनवाल्यांचा म्होरक्या निकिफोर. वय साठीच्या जवळ, अंगानं बुटका, खांदे मात्र अजून रुंद. मुलगी ओलिंका जन्मली त्या वर्षी त्यानं ती बंदूक आणली, आणि तेव्हापासून तिच्याविरुद्ध कुणी शब्द काढला की तो हातातलं काम सोडून वाद घालायचा. बोल्टवाल्यांचा म्होरक्या ईवन. हा निकिफोरचा मामेभाऊ.

आमच्याकडे आतेभाऊ-मामेभाऊ असणं ही साधी गोष्ट नाही. सख्खा भाऊ भावाला चार लोकांत लागेल असं कधी बोलणार नाही. मामेभाऊ बोलणार. टर उडवणार, नकला करणार, झाकलेलं सगळं उघड करणार, आणि आतेभावानं ते हसून घ्यायचं. जो रागावला तो हरला. गावात कुणाचं काही चुकलं तर वडीलधारी त्याच्या दारी जाऊन उपदेश करत नाहीत. त्याच्या मामेभावाच्या कानावर घालतात. मग चार दिवसांत त्या चुकीचा विनोद होतो, आणि ज्याचं त्याला समजतं.

गेल्या वसंतात निकिफोरचं चुकलं होतं. बर्फ फुटून समुद्रात पाण्याच्या वाटा मोकळ्या झाल्या होत्या. तो होडीच्या नाळेत बसला होता, म्हणजे अगदी पुढं, नेमबाजाच्या जागी. मागं मोटारीवर ओलिंका. मोठा दाढीवाला सील वर आला, निकिफोरनं झटपट गोळ्या झाडल्या, पाणी लाल झालं आणि सील खाली गेला. वसंतात सील वाळलेले असतात, अंगावर चरबी कमी, मेले की बुडतात. म्हणून आधी गोळीनं दमवायचा, मग जवळ जाऊन दोरीचा भाला मारायचा, आणि भाला रुतल्यावरच जीव घ्यायचा अशी रीत आहे. निकिफोरचा सील जखमी होऊन गेला आणि वर आलाच नाही. संध्याकाळपर्यंत बापलेक त्या पाण्यावर फिरत राहिली.

जनावर घायाळ करून गमावणं याहून वाईट काही नाही. सील माणसाला ओळखतात. आपल्याला नीट वागवणाऱ्याकडे ते स्वतःहून येतात, आणि छळणाऱ्याकडे पाठ फिरवतात. एकदा होतं कुणाच्याही हातून. दुसऱ्यांदा झालं तर मात्र त्या माणसानं नाळ सोडायची. कुणी सोड म्हणत नाही. त्यानंच उठायचं. निकिफोरचा बाप त्याच जागी बसायचा, आणि निकिफोर तिथं बसायला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होती. या वसंतात एक जनावर हातचं गेलं की ती जागा गेली, हे त्याला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं.

एप्रिलच्या एका संध्याकाळी याकोम्हाताऱ्याच्या मकीत पुरुष जमले होते. मकी म्हणजे लाकडाची बुटकी खोली, आत तापलेले दगड, त्यांवर पाणी मारायचं आणि वाफेत बसायचं. तिथं अंगावर कपडे नसतात, त्यामुळे मोठेपणाही नसतो. याकोनं दगडांवर पळीभर पाणी ओतलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. वाफ जरा बसल्यावर ईवननं तोंड उघडलं.

"निकिफोर, यंदा गोळ्यांची किती खोकी आणलीस रे?"

"तुला काय करायचंय?"

"नाही, समुद्राला विचारून घेतो. गेल्या वर्षीचंच शिसं अजून पचलं नाही म्हणत होता."

बाकीचे खदखदून हसले. निकिफोरही हसला. "तुझी बंदूक समुद्राला कशी माहीत असणार? तू बोल्ट ओढेपर्यंत सील पिल्लं घालून, त्यांची लग्नं लावून मोकळा होतो."

"होऊ दे की. मी लग्नाला जातो आणि नवऱ्यामुलालाच घेऊन येतो. एका गोळीत."

"एका गोळीत! आणि परवा बर्फातल्या ओंडक्याला कुणी मारली होती ती एक गोळी?"

"ओंडका होता हे खरं," ईवन म्हणाला, "पण लागली. तुझ्या त्या शिंकणाऱ्या बाईची गोळी ओंडक्यालाही लागली नसती. आणि रिकामी काडतुसं काय फेकते! मागल्या वर्षी एक माझ्या कॉलरमधून थेट पाठीवर. गरम! मी होडीत असा नाचलो, लोकांना वाटलं सण आला."

"ती मिठाच्या पाण्यात गंजत नाही," निकिफोर बोटं मोडत म्हणाला. "थंडीत अडकत नाही. हातानं सुटी करून पुसता येते. होडी हलत असताना दुसरी गोळी लगेच. अजून काय हवंय तुला?"

"गोळी जिथं पाठवली तिथं जायला हवी. एवढंच हवंय. पातळ नळी, चारदा वाजली की तापते, आणि मग तिच्या मनाला येईल तिकडे थुंकते. तू सज्जन माणूस आहेस, आत्याच्या लेका. बंदूक वाईट संगतीची आहे."

याको हसला नाही. म्हातारा दगडांकडे बघत म्हणाला, "इथं बसून किती वर्षं बोलणार? फळी लावा आणि मारून बघा."

"उद्याच," ईवन म्हणाला.

"उद्याच," निकिफोर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. गावातला धूर घराघरांतून सरळ वर चढत होता. निकिफोरनं बाहेरच्या थंड पडवीतून कार्बाइन उचलली. ती कधी घरात येत नसे. उबेत आली की लोखंडाला घाम फुटतो, आणि पुन्हा बाहेर नेली की तो घाम आत गोठून बसतो. त्यानं नळीतून काडी फिरवली आणि निघाला. खाडीवर बर्फ अजून पक्का होता. ईवन आधीच येऊन थांबला होता. त्यानं प्लायवूडची फळी बर्फाच्या ढिगात रोवली होती आणि तिच्यावर कोळशानं सीलच्या डोक्याएवढं वर्तुळ काढलं होतं. वर्तुळाला दोन डोळे आणि मिशाही काढल्या होत्या.

"तुझ्यासारखा दिसतोय," निकिफोर म्हणाला.

"म्हणून तर तुला मारायला सोपं जाईल. आण, आधी मी बघतो तुझी बाई."

ईवननं कार्बाइन हातात घेतली ती मेलेला मासा शेपटीला धरून उचलावा तशी. बर्फावर गुडघा टेकून त्यानं सावकाश नेम धरला, एक गोळी मारली, थांबला, दुसरी मारली, थांबला, तिसरी मारली. दोघं फळीपर्यंत चालत गेले. तिन्ही भोकं वर्तुळाच्या आत होती. एकमेकांना चिकटून नव्हती, पण आत होती.

ईवननं नाक खाजवलं. "वाईट नाही," तो नाइलाजानं म्हणाला.

"काय म्हणालास? वाऱ्यात ऐकू आलं नाही."

"वारा कुठंय? वाईट नाही म्हटलं. पण थांब जरा."

परत जागेवर येऊन त्यानं मॅगझिन भरलं आणि न थांबता पूर्ण रिकामं केलं. रिकामी काडतुसं उडून लांब बर्फात पडली आणि प्रत्येकानं आपापलं भोक पाडलं. या वेळी फळीवर भोकं सगळीकडे विखुरली होती. एक वर, एक कोपऱ्यात, एक मिशीच्याही खाली. ईवनचा चेहरा उजळला. "बघ! तापली की माणसं ओळखत नाही. लिहून घे."

"कुणी सांगितलंय तुला एवढं घाईनं मारायला? पहिल्या तिन्ही आत होत्या ना?"

"मान्य. पहिल्या दोन-तीन गोळ्यांपुरती ती शहाणी आहे. तेवढं मी मकीत सांगेन. आता गार होऊ दे, मग तू मार."

दोघं बर्फावर बसले. ईवननं खिशातून सुका मासा काढला, अर्धा निकिफोरला दिला. नळीला हात लावला तर ती गार पडली होती. ईवननं भोकांवर कोळशानं फुल्या मारल्या आणि तो मागं येऊन उभा राहिला.

निकिफोर गुडघ्यावर बसला. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक दाणा, त्याला दिसली, पण तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. पलीकडचं वर्तुळ काळं होतं आणि जरासं हलत होतं. पापण्या मिटून उघडल्या. बर्फाच्या चकाकीमुळे असेल, असं त्याला वाटलं. सावकाश घोडा दाबला. थांबला. पुन्हा. थांबला. पुन्हा.

ईवन पुढं झाला. त्याची चाल झपाझप होती, आणि तो चालता चालताच बोलायला लागला होता, "आता बघू, आत्याच्या लेकानं समुद्राचं किती—" आणि फळीजवळ पोचल्यावर गप्प झाला.

निकिफोर मागून आला. फळीच्या अगदी कडेला एक नवं भोक होतं. बाकीच्या दोन गोळ्या फळीला लागल्याच नव्हत्या.

निकिफोर वाट बघत उभा राहिला. आता येईल, त्याला वाटलं. सील लग्नाला गेला होता, असं काहीतरी म्हणेल, किंवा ढिगालाच सील समजलास का म्हणेल. आयुष्यभर या माणसानं त्याची एकही चूक सोडली नव्हती. निकिफोर लग्नात घसरून पडला तेव्हा ईवन तीन गावांत त्याची नक्कल करून आला होता. सासऱ्याच्या दफनाच्या दिवशी टोपी उलटी घातली, तर तेवढीही त्यानं सोडली नव्हती.

ईवननं फळी उपटली. बर्फ झटकला. आणि भोकांची बाजू आपल्या अंगाकडे करून ती काखेत धरली.

"वारा आला होता मधेच," तो म्हणाला.

गावातला धूर अजून सरळ वर चढत होता.

"आणि बंदूकच तसली," ईवन पुढं म्हणाला. त्याचा आवाज आजाऱ्याशी बोलताना होतो तसा झाला होता. "मी म्हणतच होतो. तिचा काही भरवसा नाही. चल, चहा घेऊ."

निकिफोर त्याच्या मागून चालत राहिला.  मामेभावानं टर उडवली नाही, म्हणजे गोष्ट विनोदाच्या पलीकडं गेली होती.

घरी बायको आगाफिया जमिनीवर बसून कापडाच्या पट्ट्या फाडत होती. हिवाळाभर तिनं पट्ट्या, साबण, चहाच्या पुड्या, सुया असं काय काय साठवलं होतं. घरातल्या माणसाचा वर्षातला पहिला सील आला की घरच्या बाईनं पायऱ्यांवर उभं राहून या वस्तू गावातल्या बायकांवर उधळायच्या असतात. गेल्या वर्षी तिला उधळता आलं नव्हतं.

"काय झालं, ओलिंकाच्या बाबा? कोण जिंकलं?"

"ठरलं नाही."

"आणि ईवन? गावभर ओरडत येईल म्हणून मी कान देऊन बसले होते."

"गेला घरी."

"गप्प?"

"गप्प."

आगाफियाचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग पट्ट्यांचा ढीग जरा बाजूला सरकवला.

निकिफोर पडवीत गेला. दार लावून घेतलं. भिंतीवर जाळी, दोऱ्या, भाले, कुऱ्हाड टांगलेली होती. त्यानं हातानं डावा डोळा झाकला. जाळी, दोऱ्या, भाले सगळं दुधात बुडाल्यासारखं झालं. हात काढला, सगळं परत आलं. मग उजवा झाकला. काहीच बिघडलं नाही. म्हणजे ज्या डोळ्यानं तो आयुष्यभर नेम धरत आला तोच गेला होता, आणि दुसरा डोळा बिचारा दोघांचं काम ओढत होता, म्हणून चालता-बोलताना काही कळलं नव्हतं. त्यानं बंदूक डाव्या खांद्याला लावून पाहिली. दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखं वाटलं. बोट घोड्यावर असं पडलं, जणू त्याचं नव्हेच.

कार्बाइनचे गुण सांगताना त्यानं कधी हा गुण मोजला नव्हता, की ती मालकाला पाठीशी घालते. गोळी चुकली तर बंदूक विखुरते. दुसरी लागली तर बंदूक वेगवान. बोल्टची असती तर एकेका गोळीचा हिशेब त्याला स्वतःला द्यावा लागला असता, आणि दोन वर्षांपूर्वीच समजलं असतं. गावानं तिची एवढी निंदा केली होती, की त्या निंदेच्या आडोशाला त्याचा डोळा आरामात बसून होता.

आणि अजूनही बसू शकला असता. ईवन कुणाला सांगणार नव्हता, ते नक्की होतं. मकीत 'बंदूकच वाईट' म्हणून गोष्ट मिटली असती. उन्हाळ्यात डोळ्यांचा डॉक्टर विमानानं गावोगाव फिरतो, त्याला दाखवता आलं असतं. पण सील उन्हाळ्यापर्यंत थांबत नाहीत. आणि यंदा नाळेत कोण बसणार?

तो कुणाशी काही बोलला नाही.

काही दिवसांनी वारा जमिनीकडून सुटला आणि किनाऱ्याचा बर्फ सरकला. गावातल्या होड्या निघाल्या. निकिफोर नाळेत बसला, कार्बाइन मांडीवर. ओलिंका मोटारीवर. चोवीस-पंचवीसची पोर, बापासारखीच बुटकी आणि रुंद, बोलायला कमी. रानहंस, रेनडियर तिनं मारले होते, सील कधी नाही. होडीत सीलवर गोळी झाडायचं काम बापाचं होतं, आणि त्यानं ते कधी कुणाला दिलं नव्हतं.

पाणी तेलासारखं शांत होतं. दोन्हीकडे बर्फाच्या लाद्या सावकाश सरकत होत्या. ओलिंकानं मोटार बंद केली. दोघं ऐकत बसली.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "उजवीकडं. मोठाय."

निकिफोरनं बंदूक उचलली. दाढीवाला सील वर आला होता, तोंड वर करून श्वास घेत होता. निकिफोरला पाण्यावर काळा डाग दिसला. डागाचे दोन झाले. मधली माशी विरघळली. घोड्यावर बोट होतं. एक गोळी मारली असती तर ती आसपास गेलीच असती. मग दुसरी, मग तिसरी. कदाचित एखादी लागलीही असती, कुठंतरी. पोटात. पायात. आणि पाणी पुन्हा लाल होऊन राहिलं असतं.

त्यानं बंदूक खाली घेतली. सील बुडाला. पाण्यावर वर्तुळं उमटली आणि मिटली.

"बाबा! का नाही मारलीत?"

"दिसला नाही."

"समोर तर होता! एवढा मोठा!"

"होता ना. तुला दिसला." निकिफोर तिच्याकडे न वळता म्हणाला. "मला दिसला नाही, ओलिंका. गेल्या वर्षीही नव्हता दिसला. मी अंदाजानं मारली."

होडी थोडी फिरली. 

"मग परत जायचं?" तिनं विचारलं.

"परत कशाला? पुढं ये. मी मागं येतो. खाली वाकून ये, होडी कलंडेल."

दोघं एकमेकांना धरत, गुडघ्यांवर सरकत जागा बदलायला लागली. मधे आल्यावर त्यानं बंदूक तिच्या हातात दिली.

"मला ही जमत नाही, बाबा. मला बोल्टचीच बरी वाटते."

"तू ईवनच्या तटातली आहेस हे मला आधी का नाही कळलं?"

"तुम्ही चिडला असता."

"चिडलोच असतो," तो म्हणाला. "ऐक. पहिली गोळी अशी मार, की जणू दुसरी नाहीच. दुसरी आहे हे विसर. ती आहेच, ती कुठं जात नाही. आणि तापू देऊ नकोस. तापली की ती खोटं बोलते."

तो मोटारीपाशी बसला. पुष्कळ वर्षांनी त्याच्यासमोर कुणाची तरी पाठ होती. सुरुवातीला ती पाठ मधे आल्यासारखी वाटली. मग त्यानं पाण्याकडे पाहिलं. पाणी त्याला दिसत होतं, डाव्या डोळ्यानं सगळं दिसत होतं. सील कुठं बुडाला, तोंड कुठल्या दिशेला होतं, ओढ कुठं चालली आहे. बर्फाच्या त्या दोन लाद्यांमधली फट बुजत चालली होती. म्हणजे तो तिथून निघणार नाही. म्हणजे इकडं येईल.

त्यानं मोटार अगदी हळू सुरू केली, होडी लादीच्या वळणाशी नेली आणि बंद केली.

"इथंच येईल. डावीकडं बघ. बंदूक वर राहू दे."

"कशावरून?"

"बघ तू."

सील आला. होडीपासून फार लांब नव्हता. ओलिंकानं गोळी मारली. ती बोटभर खाली पडली, पाणी उडालं. सील दचकून वळला, आणि तो बुडण्याच्या आत दुसरी गोळी सुटली. बोल्ट ओढायला लागला असता तर तेवढा वेळ मिळालाच नसता. सीलच्या मानेला धक्का बसला. तो खाली गेला, पण फार खोल नाही.

"थांब!" निकिफोर म्हणाला. "आता गोळी नको. भाला घे."

सील दमून पुन्हा वर येणार होता, आणि कुठं येणार ते निकिफोरला बुडबुड्यांवरून समजत होतं. त्यानं होडी तिरकी घातली, जरा मागं घेतली, पुन्हा पुढं सोडली. सील जवळ जवळ नाळेखालीच वर आला. ओलिंका उभी राहिली. भाला गेला आणि रुतला, दोरी सरसर सुटली, तिच्या टोकाचा फुगा पाण्यावर आपटून धावत सुटला. निकिफोर त्या फुग्याच्या मागं होडी घेऊन गेला. शेवटची गोळी ओलिंकानं अगदी जवळून मारली, आणि सील शांत झाला.

दोघांनी मिळून त्याला बर्फाच्या लादीवर ओढला.  निकिफोरनं थर्मासच्या झाकणात घरचं गोडं पाणी ओतलं आणि तिच्या हातात दिलं. समुद्रातल्या जनावराला गोड्या पाण्याची तहान असते. तिनं ते सीलच्या तोंडात सावकाश ओतलं, झाकण रिकामं होईपर्यंत.

होडी परतली तेव्हा काठावर माणसं जमली होती. सील केवढा आहे, कुणी मारला, किती वाजता, हे आमच्याकडे होडी टेकायच्या आत समजावं लागतं. ईवन पुढंच उभा होता. त्यानं ओलिंकाला नाळेत बसलेली पाहिली, निकिफोरला मोटारीवर पाहिलं, आणि गेल्या काही दिवसांसारखंच त्याचं तोंड मिटलेलं राहिलं. मग तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे, आज बंदूक चालली म्हणायची?"

त्यानं निकिफोरला सुटायला वाट करून दिली होती. निकिफोरनं 'चालली' म्हटलं असतं तर पुरलं असतं.

निकिफोर होडीतून उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "बंदूक चांगलीच आहे. माझा उजवा डोळा गेलाय. सील ओलिंकानं मारला."

 याकोम्हाताऱ्यानं काठीवरचा हात बदलला. आगाफिया मागं उभी होती, तिनं कस्पकच्या, म्हणजे टोपीवाल्या सुती झग्याच्या, खिशात दोन्ही हात घातले.

ईवननं डोक्यावरची टोपी काढली. तो सरळ पाण्यात शिरला, ओलिंकाच्या हातातल्या कार्बाइनपुढं उभा राहिला आणि कमरेत वाकला.

"बाई," तो बंदुकीला म्हणाला, "वर्षानुवर्षं मी तुला नाही नाही ते बोललो. थुंकरी म्हटलं, वाईट संगतीची म्हटलं. मला काय माहीत, की तुझी संगतच आंधळी आहे! माफ कर. इतकी वर्षं या माणसाबरोबर नांदलीस, तुझ्या सोशिकपणाला तोड नाही."

सगळ्यांत आधी निकिफोर हसला. हसता हसता त्याला पाण्यात तोल सावरावा लागला, आणि त्यानं ईवनचाच खांदा धरला. मग काठावरचे सगळे हसले.

"आणि तू," ईवन ओलिंकाकडे वळला. "खरं सांग. बोल्टची असती तर?"

"पहिली खाली गेली, ईवनकाका," ती म्हणाली. "बोल्टची असती तर दुसरी मारता आली नसती."

"बोल्टची असती तर पहिलीच लागली असती."

"ते पण खरं असेल."

"असेल नाही, आहे! ऐकलंत का रे सगळ्यांनी?"

तो मुद्दा घेऊन माणसं सील ओढत वर निघाली, आणि सील सोलायला सुरुवात झाली तरी वाद चालूच होता.

ओलिंकाचा हा पहिला सील. पहिल्या सीलचा बोटभर तुकडाही मारणाऱ्याच्या घरात राहत नाही. आगाफियानं गोल सुरीनं मांस कापलं, चरबी वेगळी केली, आणि सगळं घरोघर वाटलं, आधी म्हाताऱ्याकोताऱ्यांना. कातडंसुद्धा दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पायऱ्यांवर उभी राहिली आणि हिवाळाभर साठवलेलं सगळं उधळलं. पट्ट्या हवेत उलगडत खाली आल्या, बायका ओरडत, एकमेकींना ढकलत झेलत होत्या. साबणाची वडी कुणाच्या तरी कपाळाला लागली. ओलिंका दाराआड लपून बसली होती. आगाफियानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

संध्याकाळी निकिफोर घरात सुका मासा आणि चहा घेऊन बसला. सगळ्या गावात सीलचं मांस शिजल्याचा वास पसरला होता. दार उघडून ईवन आत आला. त्याच्या हातात चरबीचा मोठा तुकडा होता आणि गाल फुगलेला होता.

"फार छान झालंय," तो चावत म्हणाला. "मऊ आहे. तुला विचारलं असतं, पण तुमच्या घरात चालत नाही ना."

"बस. आणि तोंड मिटून खा."

ईवन बसला. चहा ओतून घेतला. थोडा वेळ दोघांनी आपापलं खाल्लं.

"उद्या जाणार?" ईवननं विचारलं.

"वारा असाच राहिला तर."

"पुढं कोण?"

"ओलिंका."

"डॉक्टरनं डोळा नीट केला तर?"

निकिफोरनं माशाचा काटा दातातून काढला आणि बशीत ठेवला. "तरी ओलिंकाच," तो म्हणाला. "मागं बसलं की पाणी जास्त दिसतं. इतकी वर्षं मी सीलचं डोकंच बघत बसलो होतो."

ईवननं मान हलवली, आणि चरबीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.